लायसन्स नाही म्हणून गाडी जमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका तालुक्याच्या गावात मोटार ट्रेनिंग स्कूल चालवतो. क्लच कसा सोडायचा हे शिकवण्यापेक्षा हल्ली माझा जास्त वेळ "गाडी जमा केली हो, आता काय करू?" अशा फोनांमध्ये जातो. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. कलमं मोटार वाहन कायदा, १९८८ मधली, २०१९ च्या दुरुस्तीसकट. मतं माझी, आणि ती कुठे सुरू होतात ते तुम्हाला कळेलच.

लायसन्स नसेल तर पोलीस खरंच गाडी ठेवून घेऊ शकतात का? की नुसता दम देतात?

घेऊ शकतात. त्यासाठी कलम २०७ आहे. लायसन्सशिवाय (कलम ३), वय बसत नसताना (कलम ४) किंवा नोंदणी नसलेली गाडी (कलम ३९) चालवली जातेय असं मानायला कारण असेल, तर पोलीस अधिकारी किंवा सरकारने अधिकार दिलेला माणूस, म्हणजे आरटीओचा इन्स्पेक्टर, ती गाडी ताब्यात घेऊन अडकवून ठेवू शकतो. परमिटचे भंगही याच कलमात येतात, पण तो टेम्पो-ट्रकवाल्यांचा विषय, इथे नको.

याच कलमात पुढे एक सवलत आहे. मामला लायसन्सचा किंवा वयाचा असेल, तर अधिकारी गाडीऐवजी नुसतं आरसी बुक ठेवून घेऊ शकतो. तसं केलं तर त्याची पोच त्याने द्यायलाच हवी. ती पोच खिशात घालून धुवायला टाकू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी टाकतोच. नोंदणी नसलेल्या गाडीला ही सवलत नाही. उघड आहे, ठेवून घ्यायला आरसीच नसते.

जमा झालेली गाडी सरकारची होते का?

नाही. लोकांच्या बोलण्यात "जप्त" हा शब्द असतो, त्यामुळे घाबरतात. नुसत्या लायसन्सच्या कारणावरून ठेवलेली गाडी तुमचीच राहते, फक्त तात्पुरती त्यांच्या ताब्यात असते. मात्र कोणी न्यायलाच आलं नाही, तर अशा बेवारस गाड्यांची नोटीस निघून लिलाव होतो. पंधरा वर्षांच्या जुन्या स्कूटरसाठी दंड भरण्यापेक्षा ती तिथेच सोडून देणारे लोक मी पाहिलेत.

एकाची गाडी जमा होते आणि त्याच चौकात दुसऱ्याला पावती देऊन सोडतात. हा कुठला न्याय?

कायद्यात "ठेवू शकतो" असं आहे, "ठेवलीच पाहिजे" असं नाही. तिथे माणसाचा अंदाज आला. समोरचा अठरा वर्षांचा दिसतो की चौदाचा, मागे कोणी लायसन्सवाला बसलाय का, गाडीचे बाकी कागद आहेत का, यावर ठरतं. आणि एक कारण असं, जे कुठल्याच कलमात सापडणार नाही: चौकीच्या आवारात जागा आहे की नाही. नाकाबंदीच्या पहिल्या तासात गाड्या जमा होतात आणि आवार भरलं की पावत्या सुरू होतात. हे मी वीस वर्षं बघतोय.

माझं मत विचाराल तर लायसन्स नसलेल्याला पावती देऊन त्याच गाडीवर पुढे पाठवणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. तो शंभर मीटर पुढे जाऊन तोच गुन्हा करणार, आणि यावेळी खिशात पावती घेऊन. गाडी ठेवायची नसेल तर निदान "लायसन्सवाल्या माणसाला बोलवा, त्याला गाडी देतो" एवढं तरी व्हावं. काही अधिकारी हे करतात. तेवढ्यानेही फरक पडतो, कारण फोन करून घरच्यांना बोलवावं लागणं हे पोरांना पाच हजारांपेक्षा जड जातं.

दंड किती बसतो?

दोन दंड आहेत आणि लोक एकच धरून चालतात. गाडी चालवणाऱ्याला कलम १८१ खाली ५,००० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि ज्याने गाडी चालवायला दिली त्या मालकाला कलम १८० खाली पुन्हा तेवढंच. म्हणजे मामा, मेहुणा, मित्र, कोणाचीही गाडी असो, पावती दोघांच्या नावाने निघू शकते. २०१९ च्या आधी हे आकडे अनुक्रमे ५०० आणि १,००० रुपये होते, म्हणून जुनी मंडळी अजूनही "पाचशेची पावती" म्हणतात. आपल्या राज्यात वाढीव दंड लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला.

कोर्टाने किंवा आरटीओने ज्याचं लायसन्स रद्द केलंय किंवा ज्याला अपात्र ठरवलंय, तो चालवताना सापडला तर कलम १८२ लागतं आणि दंड १०,००० होतो.

गाडी मित्राने नेली होती. त्याच्याकडे लायसन्स नाही हे मला कसं कळणार?

विचारून. कलम ५ प्रमाणे लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू न देणं ही मालकाची जबाबदारी आहे. "किल्ली टेबलावर होती, त्याने उचलली" हे सांगता येतं, पण मित्र म्हणाला, "याने स्वतः दिली," की संपलं. गाडी देताना लायसन्सचा फोटो व्हॉट्सॲपवर मागून घ्या. मित्राला राग आला तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

लायसन्स आहे, पण घरी राहिलं. तरी गाडी जमा होईल?

नाही व्हायला पाहिजे. लायसन्स नसणं आणि जवळ नसणं हे वेगळे मामले आहेत. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं लायसन्स दाखवलं तर ते कागदी लायसन्सइतकंच चालतं, नियमात २०१८ पासून तसं आहे. गॅलरीतला फोटो मात्र चालेलच असं नाही, ॲप उघडून दाखवा. फोन बंद पडला असेल तर लायसन्स नंबर पाठ असू द्या. यंत्रावर टाकला की माहिती निघते.

माझ्याकडे लर्निंग आहे ना!

या एका वाक्यावर मी पुस्तक लिहू शकेन.

लर्निंग लायसन्स म्हणजे शिकण्याची परवानगी. कायद्याची रचना अशी आहे की शिकणाऱ्याला कलम ३ मधून सूट मिळते, पण अटी पाळल्या तरच. कारमध्ये शेजारी पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा हवा, आणि तो अशा जागी बसलेला हवा की वेळ पडली तर गाडी थांबवू शकेल. मागच्या सीटवर मोबाइल बघत बसलेले काका यात बसत नाहीत. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल "एल" हवा. दुचाकीवर शिकवणारा सोडून दुसऱ्या कोणालाही मागे बसवता येत नाही. म्हणजे लर्निंगवर बायकोला घेऊन बाजारात गेलात तर तुम्ही अट मोडलीत, सूट गेली आणि तुम्ही सरळ लायसन्स नसलेल्यांच्या रांगेत आलात. कलम २०७ सकट.

शिवाय लर्निंग सहा महिनेच चालतं. हल्ली ते आधारवरून घरबसल्या निघतं. ही सोय फार चांगली, पण तिचा एक परिणाम असा झाला की लोक लर्निंग काढून ठेवतात आणि विसरतात. तीस दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते. कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करून ठेवा, गॅस सिलिंडरचा नंबर लावल्याची खूण करता तशी.

लायसन्सची मुदत संपून दहाच दिवस झालेत. तीस दिवसांची सूट असते ना?

होती. २०१९ च्या दुरुस्तीत ती काढून टाकली. आता मुदत संपली त्या दिवसापासून ते लायसन्स चालू धरत नाहीत. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर एक वर्ष करता येतो, पण मधल्या दिवसांत गाडी चालवायची मुभा त्यातून मिळत नाही. वर्ष उलटलं तर पुन्हा परीक्षा. साठीच्या आसपासच्या लोकांना हा फटका जास्त बसतो. त्यांचं लायसन्स कपाटात, पासबुकाच्या प्लास्टिकच्या पिशवीत असतं आणि कोणी तारीख बघत नाही.

स्कूटरचं लायसन्स आहे, बुलेट चालवली तर?

लायसन्सवर "विनागिअर मोटारसायकल" असेल तर गिअरची गाडी त्यात येत नाही. कलम ३ म्हणतं की ती विशिष्ट गाडी चालवण्याची परवानगी देणारं लायसन्स हवं. उलट चालतं, म्हणजे गिअरवाल्याला स्कूटर चालते.

चारचाकीत एक दिलासा आहे. ज्याच्याकडे हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स आहे, तो साडेसात टनांपर्यंतचं हलकं व्यावसायिक वाहनही चालवू शकतो. यावर वर्षानुवर्षं वाद होता. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो मिटवला.

मुलगा सतरा वर्षांचा आहे, क्लासला ॲक्टिव्हा नेतो. काय होईल?

इथे थांबून नीट वाचा.

सोळा ते अठरा या वयात फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते, आणि तीही लायसन्स काढून. तुमची ॲक्टिव्हा १०० सीसीच्या वर आहे. ५० सीसीची गाडी शोरूममध्ये मागून बघा, विक्रेता तुमच्याकडे कसा बघतो ते कळेल. थोडक्यात, अठरा वर्षांखालच्याला पेट्रोलची कुठलीही रोजच्या वापरातली गाडी चालत नाही.

सापडला तर गाडी जमा होईल, ही त्यातली सगळ्यात हलकी गोष्ट. २०१९ ला आलेल्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडीवर गुन्हा केला की पालक किंवा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही, लर्निंगसुद्धा नाही. हे शेवटचं मी सांगतो तेव्हा आया गप्प होतात आणि बाप हिशोब करायला लागतात: कॉलेज, पहिली नोकरी, कदाचित लग्नसुद्धा, आणि तोवर हा मागेच बसणार.

"मला माहीतच नव्हतं" हा बचाव कायद्यात आहे, पण कोर्ट गृहीत धरून चालतं की गाडी तुमच्या संमतीनेच गेली. उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. रोज संध्याकाळी साडेपाचला त्याच गाडीवर क्लासला जाणाऱ्या मुलाबद्दल ते कसं सिद्ध करणार?

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे काय झालं ते महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. सतरा वर्षांचा मुलगा, नंबर न मिळालेली महागडी कार, दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. त्या प्रकरणात लोकांनी जामिनाच्या अटीतल्या तीनशे शब्दांच्या निबंधाची चर्चा जास्त केली. माझ्या मते चर्चा किल्लीची व्हायला हवी होती. माझ्याकडे येणारे पालक "आमचा तसा नाही" म्हणतात. तसा नसेलही. पण किल्ली दोन्ही घरांत एकाच पद्धतीने दिली जाते.

बॅटरीच्या स्कूटरला लायसन्स लागत नाही, हे खरं?

ताकद २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच. बाकी सगळ्या बॅटरीच्या गाड्यांना नोंदणी आणि लायसन्स दोन्ही लागतं. दुकानात वेग वाढवून दिलेली गाडी या सवलतीतून बाहेर पडते.

जमा झालेली गाडी सोडवायची कशी?

पावतीवर ज्या कार्यालयाचं नाव आहे तिथे जा, दुसरीकडे वेळ घालवू नका. मालकाने जायचं. बरोबर आरसी, विमा, पीयूसी, मालकाचं ओळखपत्र, दंड भरल्याची पावती, आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे असा माणूस. कागद तपासून, योग्य वाटतील त्या अटी घालून गाडी सोडायचा अधिकार कलम २०७ च्या दुसऱ्या पोटकलमात आहे.

"योग्य वाटतील त्या अटी" हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. का, ते सांगतो.

एकदा मी एका पोराच्या वडिलांबरोबर चौकीत गेलो होतो. मुलगा एकोणीसचा, लायसन्स नाही, माझ्याकडे शिकायला नुकताच यायला लागला होता. स्कूटर सहा दिवस उन्हात उभी होती. सीटचं रेक्झिन एका बाजूने तडकलेलं, मागच्या चाकात हवा कमी, हँडलला सुतळीने बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल. वडिलांनी दोन्ही पावत्या भरल्या, रजिस्टरमध्ये सही केली, त्यांचं स्वतःचं लायसन्स दाखवलं. सगळं नियमात. आम्ही तिघं फाटकाबाहेर आलो. वडिलांनी गुडघ्यावर हात ठेवला, म्हणाले, "माझ्याच्याने किक बसत नाही रे, तूच घे." आणि पोरगा निघाला. चौकीच्या फाटकापासून दहा पावलांवर. मी हाक मारेपर्यंत वळण पार.

दहा हजार रुपये भरून आणि सहा दिवस रिक्षाने फिरून त्या घराने काय शिकलं? काही नाही. कारण सोडताना कोणी एवढंच विचारलं नाही की आता ही चालवत कोण नेणार. ज्याचं लायसन्स दाखवलं, त्यानेच आवारातून चालवत बाहेर काढायची, ही अट घालायला कुठलाही नवा कायदा लागत नाही. पुढची अटही सोपी आहे: मुलाच्या लर्निंगची किंवा परीक्षेच्या तारखेची पावती आणा, मग गाडी न्या. माझं या सगळ्या विषयात एकच म्हणणं आहे, ते हेच. गाडी अडवणं आपल्याला जमतं, सोडणं जमत नाही.

किती दिवस ठेवतात? काही ठरलेलं आहे का?

आपल्या कायद्यात दिवस ठरलेले नाहीत. कागद पुरे झाले की सुटते. बाहेर काही ठिकाणी दिवस पक्के आहेत: कॅलिफोर्नियात १९९५ पासून तीस दिवस, न्यूझीलंडमध्ये १९९९ पासून अठ्ठावीस. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने पोलिसांना विनापरवाना आणि विनाविमा गाड्या उचलण्याचा अधिकार मिळाला, आणि तिथे मालकाने ठरलेल्या मुदतीत विम्याचे कागद दाखवून ती सोडवायची असते.

अपघात झाला असेल तर प्रकरण वेगळं. गाडी पुराव्याचा भाग बनते आणि ती कोर्टाकडून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करतो असं लिहून देऊन, घ्यावी लागते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४५१ किंवा ४५७ लावायचे. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ४९७ आणि ५०३. अशा गाड्या पोलीस ठाण्यात गंजत ठेवू नका, फोटो-पंचनामा करून, योग्य बंधपत्र घेऊन लवकर सोडा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलंय. कुठल्याही ठाण्याच्या मागच्या अंगणात जाऊन बघा, वेली चढलेल्या गाड्या अजून आहेत.

गाडी त्यांच्या ताब्यात असताना काही हरवलं, मोडलं तर?

जमा होतानाच सगळ्या बाजूंनी फोटो काढा. किलोमीटरचा आकडा, पेट्रोलचा काटा, आरसे, टायर. डिकी रिकामी करा. हेल्मेट आणि रेनकोट घरी न्या. पावतीवर गाडीची अवस्था लिहून मागा. सरकारी ताब्यातली गाडी सुरक्षित ठेवणं ही त्यांची जबाबदारी आहे, पण फोटो नसेल तर तुमचं म्हणणं हवेत राहतं.

लायसन्स नसताना अपघात झाला तर विमा कंपनी पैसे देते का?

धडकेत जखमी झालेल्याला किंवा मेलेल्याच्या घरच्यांना बहुतेक वेळा देते, आणि मग तुमच्याकडून वसूल करते. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या २००४ च्या निकालाने ही वाट घातली. लायसन्स नव्हतं एवढं दाखवून कंपनीला सुटता येत नाही, मालकाने बेपर्वाई केली हेही तिला सिद्ध करावं लागतं. पण तुम्ही जाणूनबुजून पोराला गाडी दिली असेल, तर ते सिद्ध करायला फार कष्ट पडत नाहीत. वसुली लाखांत असते, शेतीच्या तुकड्यापर्यंत जाते.

तुमच्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा मात्र कंपनी नाकारते. आणि मालक-चालकाचं जे १५ लाखांचं अपघाती विमा संरक्षण पॉलिसीबरोबर घेता, त्यालाही चालू लायसन्सची अट आहे. ते नसेल तर हप्ता भरून उपयोग शून्य.

एवढं सगळं करून अपघात कमी होतात का? की नुसती वसुली?

प्रश्न रास्त आहे. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, त्यातली पंधरा हजारांहून जास्त महाराष्ट्रात. हे सगळे काही विनापरवाना चालकांनी मारले नाहीत. वेग, दारू, उलट दिशेने येणं, खड्डे, अंधारात उभे ट्रक, सगळं आहे.

पण गाडी जमा करण्याचा परिणाम कुठे मोजला गेला असेल तर तो कॅलिफोर्नियात. तिथल्या मोटार वाहन विभागाच्या १९९९ च्या अभ्यासात ज्यांच्या गाड्या तीस दिवस ठेवल्या आणि तशाच ज्यांच्या ठेवल्या नाहीत, अशा चालकांची पुढच्या वर्षाची नोंद ताडून पाहिली. पहिल्यांदा सापडलेल्यांमध्ये, गाडी ठेवलेल्यांचे अपघात साधारण २५ टक्क्यांनी कमी निघाले. वारंवार सापडणाऱ्यांमध्ये जवळजवळ ३८ टक्क्यांनी. हा फार मोठा फरक आहे. दंड चालकाच्या खिशाला लागतो, गाडी नसली की पुढची फेरीच होत नाही.

आता दुसरी बाजू. त्याच अभ्यासकाने वर्षभराने विचारलं की या कायद्याच्या धाकाने बाकीचे विनापरवाना चालक सुधारले का. उत्तर आलं, तसं काही दिसत नाही. ज्याची गाडी गेली तो शहाणा झाला, शेजाऱ्याची गेलेली बघून कोणी झाला नाही. आमच्याकडेही हेच दिसतं. म्हणून वर्षातून एकदा रस्ता सुरक्षा अभियानात फोटो काढून दहा गाड्या जमा करण्याला मी महत्त्व देत नाही. बँड वाजवून केलेल्या मोहिमेपेक्षा दर आठवड्याला गुपचूप केलेली नाकाबंदी बरी.

यात गरीबच मरतो. डिलिव्हरीवाला, भाजीवाला, त्याची गाडी गेली की चूल बंद. हे बरोबर आहे?

अंशतः तुमचं खरं आहे. ज्याच्या घरी दुसरी गाडी उभी आहे त्याला सहा दिवस काहीच वाटत नाहीत. ज्याची रोजी त्या गाडीवर आहे त्याचा आठवडा जातो. शिक्षा कागदावर सारखी, अंगावर वेगळी.

पण यावर उत्तर म्हणून "सोडून द्या" म्हणता येत नाही, कारण त्याने उडवलेला माणूसही बहुतेक वेळा पायी चालणारा गरीबच असतो. उत्तर लायसन्स सोपं करण्यात आहे. कॅलिफोर्नियानेच २०१५ पासून कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांनाही लायसन्स द्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षात सहा लाखांहून जास्त लोकांनी घेतलं. अपघात वाढले नाहीत, उलट धडक देऊन पळून जाण्याचे प्रकार ७ ते १० टक्क्यांनी घटले. लायसन्स असलेला माणूस थांबतो, कारण त्याला पळायचं कारण उरत नाही.

आपल्याकडे आरटीओची शिबिरं तालुक्याला होतात. रोजंदारीवरच्या माणसाला लर्निंगसाठी एक दिवस, परीक्षेसाठी एक दिवस, नापास झाला तर आणखी एक, एवढे खाडे परवडत नाहीत. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी शिबिर ठेवलं तर गर्दी होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि गाडी सोडवायला येणाऱ्याला तिथल्या तिथे लर्निंगचा अर्ज भरून द्यावा. त्याच्याकडे आधार असतो, फोन असतो, वेळही असतो, कारण तो तिथे रांगेत बसलेलाच असतो.

आमच्या शाळेसमोर रोज पोरं ट्रिपल सीट येतात. आम्ही रहिवाशांनी काय करावं?

स्वतः गाड्या अडवू नका, तो अधिकार तुम्हाला नाही आणि पोरं पळायला जाऊन पडतात. वाहतूक शाखेला लेखी द्या, आणि "कायम त्रास होतो" असं मोघम लिहू नका. कोणती गल्ली, कोणते वार, सकाळी ७ ते ७:२० की दुपारी साडेबारा, हे लिहा. अर्जावर आवक क्रमांक घ्या. पोलिसांना माणसं कमी असतात, वीस मिनिटांचं काम सांगितलं तर येतात.

शाळेने आत गाडी लावायला बंदी केली म्हणून समाधान मानू नका. गाड्या शेजारच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानासमोर लागतात आणि हेल्मेट दप्तरात नसतंच, घरी असतं. त्यापेक्षा पालकसभेत कलम १९९अ वाचून दाखवा. मी दोनदा वाचलंय. पंचविशीच्या ओळीला सगळे मोबाइलमधून मान वर करतात.

मला वीस वर्षं गाडी येते, एक ओरखडा नाही. मला कशाला परीक्षा?

असाच एक गवंडी माझ्याकडे आला होता. नाकाबंदीत गाडी गेली म्हणून नाइलाजाने. म्हणाला, "मास्तर, मला शिकवायचं नाही, फक्त फॉर्म भरा." परीक्षेत आठाच्या आकड्यात पाय टेकला, शिवाय वळताना एकदाही मागे बघितलं नाही. नापास. चिडून दोन दिवस आला नाही. मग आला आणि आठवडाभर सकाळी सहाला मैदानात फिरवली. दुसऱ्या परीक्षेला येताना गाडीला दोन्ही आरसे बसवून आणले होते. विचारलं तर म्हणाला, घेतली तेव्हापासून माळ्यावर होते, गर्दीत अडकतात म्हणून काढलेले.

पास झाला. लायसन्स पोस्टाने घरी येतं, त्यामुळे अर्जात पत्ता आणि पिन कोड नीट भरा. त्याचं चुकीच्या गल्लीत गेलं आणि परत आणायला आणखी पंधरा दिवस गेले.